कासव सांभाळायला घेताना

मे महिना लागला किंवा नाताळ जवळ आला की वसई-विरारमध्ये घरांच्या किल्ल्या एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ लागतात. कोणी गावी निघतं, कोणी मुलाकडे आखाती देशात, कोणी वेलांकनीला, कोणी अष्टविनायकाला. मागे राहिलेल्या नातेवाइकाकडे कामं सोपवली जातात : तुळशीला पाणी, दूधवाल्याला निरोप, टपालावर लक्ष. त्यात अलीकडे एका कामाची भर पडली आहे. "आमचं कासव तेवढं बघशील ना?" आणि लगेच पुढे, "त्याला काय लागतं गं! दोन दाणे टाक नि पाणी बदल."

हे शेवटचं वाक्य मनावर घेऊ नका. कुत्रा भुकेला असला तर तुमच्या पायाशी येतो, मांजर ओरडून घर डोक्यावर घेते. कासव काहीही सांगत नाही. रानात किंवा तळ्यात अशक्त दिसणारा प्राणी सगळ्यांत आधी कोणाच्या तरी तोंडी पडतो, म्हणून आजार झाकून ठेवणं त्याच्या अंगातच असतं. ते आजारी आहे हे आपल्याला कळतं तेव्हा बहुतेक वेळा बरेच दिवस उलटलेले असतात. म्हणून दुसऱ्याचं कासव सांभाळण्यात हातांपेक्षा डोळ्यांना जास्त काम आहे. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तो 'हो' म्हणण्यापूर्वी विचारायला हवा.

कोणतं कासव?

नातेवाइकांकडून मोबाइलवर दोन फोटो मागवा. एक पाठीचा, वरून काढलेला; दुसरा डोक्याचा, बाजूने.

डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवट अंग, पायाच्या बोटांमध्ये पडदा असेल तर ते रेड इअर्ड स्लायडर आहे. मत्स्यालयांच्या दुकानांत रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, हिरवीगार पिल्लं मिळतात ती हीच. मूळ रहिवासी अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्याचं. आपल्याकडे घरात सापडणारी बहुतेक कासवं या जातीची असतात. याला सांभाळायचं कसं, ते पुढे सविस्तर सांगते.

पाठ घुमटासारखी उंच, काळपट, आणि प्रत्येक चकतीवर पिवळ्या रेषांचा तारा उमटलेला असेल तर ते तारांकित कासव, म्हणजे स्टार टॉर्टोइज. हे भारतातलं आहे, जमिनीवर राहणारं आहे आणि ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे. पाठ मऊ, कातडीने झाकलेली, नाक नळीसारखं पुढे आलेलं आणि मागचे पाय झाकणाऱ्या झडपा पोटाकडून दिसत असतील तर ते आपल्या तळ्या-शेतांतलं मऊ पाठीचं कासव. काळसर पाठीवर तीन लांब कंगोरे असतील तर तेही इथलंच, गोड्या पाण्यातलं. ही दोन्ही घरात ठेवता येत नाहीत. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये अशी कासवं घरात येण्याचे रस्ते अगदी साधे असतात. पावसात शेतात सापडलं, बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, उपसताना हाती लागलं, पोरांनी टबात ठेवलं आणि तिथेच राहिलं. विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं, असं आजी-आजोबा म्हणायचे, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं घरच्यांना वाटतच नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 सालचा. मऊ पाठीचं कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत आधीपासून आहे. तारांकित कासव पूर्वी चौथ्या अनुसूचीत होतं. 2022 च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत आलं आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे. आणि कायदा मालक कोण एवढंच बघत नाही, प्राणी कोणाच्या ताब्यात आहे तेही बघतो. मावशीचं कासव तुम्ही रिक्षात घालून आपल्या घरी आणलंत की ते तुमच्या ताब्यात आलं.

इथे नात्याचा प्रश्न येतो आणि तो हलका नाही. मावशीला 'तुझं कासव बेकायदा आहे' म्हणायचं कसं? माझं मत असं की फोनवर म्हणू नये, घरी जाऊन शांतपणे सांगावं. बहुतेकांनी ते वाईट हेतूने आणलेलं नसतं. कासव घरात असलं की लक्ष्मी टिकते असं कोणीतरी सांगितलेलं असतं, देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव रोज पाहिलेलं असतं, आणि कोणीतरी डब्यात घालून आणून दिलेलं असतं. त्या डब्यामागे काय असतं हे त्यांना माहीत नसतं. तारांकित कासवं गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या कोरड्या झुडपी रानांतून पोत्यांत भरून आणली जातात. त्यातली बरीचशी परदेशातही जातात. 2018 मध्ये सिंगापूरहून अशी 51 तारांकित कासवं विमानाने कर्नाटकात परत आणावी लागली. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या जातीच्या व्यापारावर सर्वांत कडक बंदी घातली गेली. 'वीस नखांचं कासव' म्हणून गुप्तधनाच्या नावाखाली चालणारी फसवणूकही याच प्राण्यांच्या जिवावर चालते.

यातून वाट आहे. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक 1926 आहे, तो टोल-फ्री आहे. आपल्या तालुक्यात मांडवीला वनपरिक्षेत्र कार्यालय आहे. कासव स्वतः उचलून कुठे नेण्यापेक्षा त्यांना कळवा, ते कसं आणि कोणाकडे द्यायचं हे त्यांच्याकडूनच समजून घ्या, आणि शक्य असेल तर हे सगळं नातेवाईक गावाला जाण्यापूर्वी, त्यांच्याच हातून होऊ द्या. स्वतःहून कळवणारा माणूस आणि तक्रार झाल्यावर सापडलेला माणूस, यांच्याकडे बघण्यात फरक पडतो. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका : रात्री नेऊन तुंगारेश्वरच्या पायथ्याशी सोडून देणं. कोरड्या रानातलं कासव त्या मुसळधार पावसाच्या जंगलात टिकण्याची शक्यता फार थोडी. घरातला आजार रानात नेणं हे त्याच्याही पुढचं नुकसान.

परदेशी जमिनीवरची मोठी कासवं, म्हणजे आफ्रिकेतली सुलकाटा वगैरे, काही घरांत असतात. अशा परदेशी जाती कायद्याच्या नव्या चौथ्या अनुसूचीत असतील तर त्यांची नोंदणी 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर करावी लागते. त्यासाठीचे नियम 2024 मध्ये आले. नोंदणीच्या कागदाची प्रत मागून आपल्याजवळ ठेवा. सुलकाटाचं खाणं म्हणजे मुख्यतः गवत : हरळी म्हणजेच दूर्वा, त्याच्या जोडीला जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं. फळं जवळजवळ नाहीतच. जागा कोरडी हवी, आणि आपल्या पावसाळ्यात हीच सर्वांत अवघड गोष्ट असते. ओल्या फरशीवर राहिलं तर छातीचा आजार ठरलेला.

आता स्लायडरकडे वळू.

जायच्या आधी, त्यांच्या घरी

शक्य असेल तर कासव त्यांच्याच घरी राहू द्या आणि तुम्ही रोज जा. जागा बदलली की कासव दोन-तीन दिवस खात नाही, आणि नवीन माणसाला ते आजारामुळे की बुजल्यामुळे हे कळत नाही. रोज जाणं जमणार नसेल, म्हणजे ते विरारच्या ग्लोबल सिटीत आणि तुम्ही नायगावला असाल, तरच हलवा.

ते निघण्याच्या आदल्या आठवड्यात एकदा जाऊन सगळं समोर करून बघा. ते पाणी कसं बदलतात, दाणे किती टाकतात, फिल्टर कुठे उघडतो, दिवा किती वाजता लावतात. तोंडी ऐकलेलं लक्षात राहत नाही, म्हणून मोबाइलवर चित्रण करून घ्या. त्याच भेटीत कासवाचं वजन करा. डिजिटल वजनकाट्यावर कोरडं भांडं ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि कासव ठेवायचं. हा काटा आणि भांडं स्वयंपाकाला पुन्हा वापरायचं नाही. हा आकडा तुमच्याकडे नसेल तर पुढे 'बारीक झालंय की काय' या शंकेला उत्तर मिळणार नाही.

आणि एक चिठ्ठी लिहून घ्या. तीत त्यांच्या पशुवैद्याचं नाव आणि फोन, उपचार करायला त्यांची परवानगी, खर्च किती झाला तरी चालेल ती मर्यादा, आणि ते फोनवर मिळाले नाहीत तर निर्णय कोणी घ्यायचा, हे सगळं असू दे. नात्यात पैशाचं बोलायला संकोच वाटतो, पण रात्री नऊ वाजता दवाखान्यात उभं राहून तो संकोच फार महाग पडतो. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारा प्रत्येक डॉक्टर कासवाला हात लावत नाही, म्हणून कोण बघतं हे आधीच फोन करून विचारून ठेवा. परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल, बहुतेकांना माहीत असतं. पण विरारहून निघण्यापूर्वी तिथेही कासव बघणारे डॉक्टर आहेत का, हे फोनवर विचारा.

कासव हलवायचंच असेल तर पाण्यात घालून नेऊ नका. गचके बसले की ते पाण्यात आपटतं, थकलं तर बुडूही शकतं. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, तळाला ओला पंचा, बस. स्लायडर काही तास पाण्याबाहेर सहज राहतं. सकाळची विरार लोकल टाळा, दुपारी रिक्षाने न्या, आणि डबा उन्हात किंवा गाडीच्या बंद डिकीत ठेवू नका. तुमच्याकडे आधीच एखादं कासव असेल तर दोघांना एका पाण्यात ठेवू नका. ती भांडतात, चावतात, आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागतो.

पाणी

स्लायडर पाण्यातच खातं आणि पाण्यातच घाण करतं. चांगलं सांभाळणं नव्वद टक्के पाण्यावर आहे, आणि वसई-विरारमध्ये पाणी ही काही गृहीत धरायची गोष्ट नाही. सूर्या, उसगाव, पेल्हारचं पालिकेचं पाणी सगळीकडे रोज येत नाही. नालासोपारा-विरारच्या कितीतरी सोसायट्या टँकरवर आहेत. किनाऱ्याकडच्या बोअरचं पाणी मचूळ. म्हणून पाणी बदलायच्या दिवशी नळाला पाणी येईलच असं धरून चालू नका. एक पिंप किंवा दोन मोठ्या बादल्या कायम भरून ठेवा. त्याचे दोन फायदे : एक दिवस उघडं राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो, आणि ते पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट झालेलं असतं. टाकी चालू असताना थेट गार पाणी ओतलं की कासवाला धक्का बसतो. नेहमी पालिकेचं पाणी वापरत असतील तर तुम्हीही तेच वापरा, मध्येच बोअरवर जाऊ नका.

फिल्टर असेल तर आठवड्यातून दोनदा साधारण पाव भाग पाणी काढून तेवढं नवीन घाला. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून धुवा, नळाखाली चोळून धुतला तर पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू त्यात राहत नाहीत. फिल्टर नसेल, नुसता टब असेल, तर पाणी रोज किंवा एक दिवसाआड पूर्ण बदलायचं. टबाला साबण, फिनेल, भांड्याची पावडर लावायची नाही. जुना ब्रश आणि साधं पाणी पुरतं. हात घालण्यापूर्वी हीटर आणि फिल्टर दोन्हींचा प्लग काढा. दरवेळी. बटण बंद करणं पुरेसं नाही.

काढलेलं पाणी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये ओतू नका, संडासात ओता किंवा शोभेच्या झाडांना घाला. कोथिंबीर-मेथीच्या कुंडीत नको. कारण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतो. अमेरिकेत लहान मुलं आजारी पडू लागल्यावर 1975 मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणावी लागली, कारण पोरं ती तोंडात घालायची. तुमच्या घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर सून किंवा आजारी वृद्ध असतील तर कासव त्यांच्या हातात देऊ नका. बाकी सगळ्यांनी कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लागला की साबणाने हात धुवायचे, इतकंच. घाबरायचं कारण नाही.

ऊन

स्लायडरला पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं होता येईल अशी जागा हवी. टबात एक वीट, सपाट दगड, काहीही, पण त्यावर चढता यावं. उन्हात बसल्याशिवाय त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम कवचाला लागत नाही. घरी त्यासाठीचा अतिनील दिवा असेल तर मालक ज्या वेळा सांगतील त्या पाळा. दिवा नसेल तर सकाळचं कोवळं ऊन, अर्धा तास.

माझ्या माहितीतली कितीतरी कासवं अशा उन्हातच मेली. गॅलरीत उथळ टब ठेवला, 'जरा ऊन खाऊ दे' म्हणून, आणि माणूस बाजाराला गेला. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात उथळ टबातलं पाणी बघता बघता तापतं, आणि कासवाला पळायला जागा नसते. घाम येत नाही, सावली नाही, संपलं. म्हणून उन्हात ठेवाल तेव्हा टबाच्या निम्म्या भागावर फळी किंवा पुठ्ठ्याची सावली हवी आणि तुम्ही समोर हवेत. खिडकीच्या बंद काचेतून आलेलं ऊन मात्र या कामाचं नाही, त्यातले हवे ते किरण काच अडवते.

गॅलरीतले बाकीचे धोकेही लक्षात ठेवा. कावळा आणि घार वरून येतात, मांजर आणि उंदीर रात्री. वाडीतल्या घरांत मुंगूस असतंच. टबाजवळ कुंडी किंवा स्टूल असलं तर कासव त्यावर पाय टेकून बाहेर पडतं. ते किती चपळ आहे याचा अंदाज कोणालाच नसतो. जाळीचं झाकण घाला.

थंडीबद्दल एवढंच. परदेशी माहितीत कासवाला हिवाळ्यात झोपवण्याच्या, अगदी फ्रिजमध्ये ठेवण्याच्या गोष्टी असतात. त्या बर्फाच्या मुलखासाठी आहेत. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे ते थोडं मंद होतं, कमी खातं, तेव्हा टब घरात आत घ्या. मालकांकडे हीटर असेल तर पाणी 24 ते 27 अंशांवर राहील असं बघा.

खाणं

दया दाखवण्याची जागा ही नाही. पाहुण्या माणसाकडून कासवाला जास्तच खाऊ घातलं जातं, कारण ते काचेशी येऊन मान उंचावून मागतं. तळहाताएवढं मोठं झालेलं स्लायडर एक दिवसाआड खातं, पिल्लू रोज. दाण्यांचं प्रमाण साधं आहे : त्याच्या डोक्याएवढ्या भांड्यात मावतील तेवढे. उरलेलं अर्ध्या तासात काढून टाका, नाहीतर पाणी नासतं.

वय वाढेल तसं ते जास्त हिरवं खातं. शेवग्याची पानं, जास्वंदीची पानं, किसलेलं गाजर, दुधी, लाल भोपळा, हे सगळं आपल्या होळी बाजारात किंवा दारात मिळतं. अळूची पानं कधीच नाहीत. पालक रोज नको, त्यातली ऑक्झॅलिक द्रव्यं कॅल्शियम बांधून ठेवतात. भात, पोळी, पाव, बिस्किट, दूध, फरसाण नको. खारवलेली सुकी मासळी तर नकोच. दुकानात मिळणारी सुकी कोलंबी त्याला फार आवडते, पण नुसत्या तिच्यावर वाढलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि डोळे सुजून बंद होतात. तिला खाऊ म्हणा, जेवण म्हणू नका. कॅल्शियमसाठी एक गोष्ट आपल्या किनाऱ्यावर फुकट मिळते : समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड. स्वच्छ धुऊन, एक-दोन दिवस पाण्यात भिजवून खारटपणा काढून, उन्हात वाळवायचं, पाठीचा कडक भाग सोलून तुकडा पाण्यात सोडायचा. ते हवं तेव्हा कुरतडतं.

रोज काय बघायचं

पाणी बदललं, दाणे टाकले, की पाच मिनिटं खुर्ची घेऊन समोर बसा. फोन बाजूला ठेवून. दोन्ही डोळे पूर्ण उघडे आहेत का? पोहताना सरळ राहतंय का, की एका बाजूला कलतंय? कलून तरंगणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून मान ताणत श्वास घेणं ही न्यूमोनियाची लक्षणं आहेत, त्यात वाट बघायची नसते. पाठ बोटाने दाबल्यावर मऊ लागते का? कवचावर पांढरा किंवा पिवळसर डाग असून त्याला वास येतो का? कवचाच्या चकत्यांचे पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटत असतील तर ते वाढीचं लक्षण आहे, ते ओढून काढू नका.

दोन गोष्टींनी नवखा माणूस घाबरतो, त्या सांगून ठेवते. नर कासवाचं जननेंद्रिय पाण्यात कधीकधी पूर्ण बाहेर येतं. ते काळपट, मोठं असतं आणि आतडं बाहेर आलं असं वाटतं. थोड्या वेळात आत गेलं तर काही करायचं नाही. आत जात नसेल तर कासवाला ओल्या स्वच्छ कापडात ठेवून लगेच डॉक्टर. दुसरी गोष्ट मादीची. ती खाणं सोडते, काच ओरबाडते, रात्रभर बाहेर पडायला बघते. ही अंडी घालण्याची तगमग असू शकते, आणि त्यासाठी नर जवळ असावा लागत नाही. तिच्या अंगापेक्षा मोठ्या टबात वीतभर खोल ओली माती आणि वाळू घालून तिला शांत जागी ठेवा. दोन दिवसांत अंडी घातली नाहीत आणि ती मलूल दिसली तर अंडी अडकलेली असू शकतात, तेव्हा दवाखाना.

पहिले दोन-तीन दिवस न खाणं चालेल. मोठं कासव आठवडाभर किंवा पिल्लू तीन दिवस खात नसेल तर मालकांना फोन करा. आठवड्यातून एकदा वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. उचलताना दोन्ही हातांनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधे कवच धरायचं. शेपटीला धरून कधीच नाही, उलटंही करायचं नाही.

पावसाळ्यात ते गेले असतील तर एक जादा काळजी. 10 जुलै 2018 ला वसई-विरारमध्ये पाणी भरलं, रेल्वे बंद पडली, मिठागरांतली माणसं अडकून पडली, हे आपण विसरलेलो नाही. तळमजल्यावरच्या घरात टब जमिनीवर असेल तर पाणी चढताच तो तरंगेल आणि कासव निघून जाईल. जूनमध्येच टब ओट्यावर किंवा भक्कम टेबलावर हलवा, भोकांचा डबा हाताशी ठेवा, आणि पाणी भरायला लागण्यापूर्वी कासव वरच्या मजल्यावर कोणाकडे जाईल ते ठरवून ठेवा. याच दिवसांत अर्नाळा, राजोडी, कळंब, रानगावच्या किनाऱ्यांवर मोठी समुद्री कासवं वाहून येतात. घरात कासव सांभाळणाऱ्या माणसाला लोक आपोआप बोलावतात. ती परत समुद्रात ढकलू नका, ती थकलेली किंवा जखमी असतात. सावलीत ठेवून, ओल्या कापडाने पाठ झाकून 1926 वर कळवा. डहाणूला वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन मिळून अशा कासवांवर उपचार करतात.

ते नकोसं झालं तर

हा प्रसंग येतो, म्हणून लिहायलाच हवा. सहलीवरून परतल्यावर, किंवा परदेशातला मुक्काम वाढल्यावर, नातेवाईक म्हणतात, "तुझ्याकडे रमलंय ना, मग राहू दे." किंवा, "आता फार मोठं झालंय, निर्मळच्या तळ्यात सोडून दे, तिथे सुखात राहील." नाण्याएवढं आणलेलं पिल्लू जेवणाच्या ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. त्यामुळे लोकांचा थकवा मी समजू शकते. पण तळ्यात सोडणं कधीही नाही. स्लायडर आपल्या तळ्यात मरत नाही, तिथे घर करतं. माशांची अंडी, बेडकांची पिल्लं, पाणवनस्पती सगळं खातं, आणि उन्हाच्या जागेवरून इथल्या कासवांना हुसकावतं. जगातल्या सर्वांत घातक शंभर घुसखोर जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते सापडलं आहे. केरळमध्ये तर लोकांनी सोडलेली कासवं परत गोळा करण्यासाठी तिथल्या वनसंशोधन संस्थेला पुढे यावं लागलं. वसईची बावखलं आधीच बुजत चालली आहेत. उरली आहेत त्यांत मऊ पाठीचं आपलं कासव अजून तग धरून आहे. त्याच्या वाटेत हा पाहुणा आणून सोडू नका.

तुम्हाला ते खरंच ठेवायचं असेल तर मोठी टाकी, दिवा आणि पुढच्या वीस वर्षांचा विचार करून हो म्हणा. नसेल ठेवायचं तर नातेवाइकांना तसं स्पष्ट सांगा आणि दुसरं जबाबदार घर शोधायला मदत करा; पशुवैद्याकडे विचारलं तर कासव पाळणाऱ्या लोकांचा पत्ता बहुतेक वेळा लागतो.

ते परत न्यायला येतील त्या दिवशी त्यांच्यासमोर पुन्हा एकदा वजन करा, कॅलेंडरवरचे आकडे दाखवा, कोणत्या दिवशी खाल्लं नाही तेही सांगा. दाणे संपत आले असतील तर तेही.